मुंग्या यायच्या थांबल्या

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रक्त लागलं होतं आणि ते कुणाचं, हे मला चटकन उमगलं नाही. पाचगणीच्या एका शाळेचे गणवेश शिवायचं काम दर वर्षी माझ्याकडे येतं. त्या दिवशी सकाळपासून मी बटणं लावत बसले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. उजव्या हाताचं पहिलं बोट उलटं करून पाहिलं तर सुई पेरात शिरलेली आणि धागा तिच्यामागून लोंबतोय. दुखलं नव्हतं. ओढून काढली तेव्हाही दुखलं नाही. शर्ट थंड पाण्यात टाकला, बोटाला चिंधी गुंडाळली आणि पुढचा शर्ट मांडीवर घेतला. घाबरायला पाहिजे होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच वाटलं, की डाग काढायचं एक काम वाढलं.

बधिरपणा तसा वर्ष-दीड वर्षापासून होता. आधी पहाटेची जाग यायची ती हातामुळे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जड, सुजल्यासारखी, आणि आतून नुसत्या मुंग्या. खाटेच्या कडेवरून हात खाली सोडून झटकला की पाच-दहा मिनिटांनी त्यात जीव यायचा आणि मी उठून चहा ठेवायची. पुढे दिवसाही व्हायला लागलं. कात्री धरली की, फोन कानाला लावला की, एसटीत वरची दांडी धरून उभी राहिले की. चिमटीतलं बटण चिमटीत आहे की खाली पडलं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळेना.

बावन्न वर्षांच्या बाईच्या हाताबद्दल प्रत्येकाकडे मत असतं. शेजारीण म्हणाली, थंडीचं असेल, मोहरीचं तेल चोळ. औषधाच्या दुकानातल्या माणसाने ताकदीच्या गोळ्या दिल्या. आमचे हे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर असतात. कंपनीच्या बसने सकाळी जातात, संध्याकाळी येतात. त्यांचं म्हणणं, दोष मानेचा. मशिनवर वाकून वाकून मानेतली नस दबली असणार, त्यांच्या पलटणीत एकाला तसंच झालं होतं. मग रोज कामावर जायच्या आधी ते माझ्यासमोर उभे राहायचे आणि मी मान दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे वळवायची. महिनाभर हे चाललं. मान मोकळी झाली, हात होता तसाच राहिला.

शेवटी साताऱ्यातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्यात आधी साखर तपासली, कारण बोटं बधिर झालेल्या निम्म्या लोकांत तीच निघते म्हणाले. माझी बरी होती. थायरॉईड काठावर होतं. बी-बारा कमी होतं; उपासतापास करणाऱ्या बायकांत हे सर्रास असतं, असं त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघत सांगितलं. इंजेक्शनं घेतली. तळपायाची जळजळ गेली, बोटं मात्र मुकीच. तेव्हा ते म्हणाले, आता नसांची तपासणी करून घ्या. ती साताऱ्यातही झाली असती. पण मी सांगलीला जायचं ठरवलं, आणि त्याचं कारण वेगळं होतं. तासगावजवळच्या एका खेड्यात माझी थोरली बहीण असते, आणि मला चार दिवस मशिनचा आवाज नको होता.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमची आई लवकर अंथरुणाला खिळली, त्यामुळे माझ्या वेण्या, माझा डबा, माझी पहिली शाळा, सगळं अक्कानेच केलं. भाऊजी गेल्यापासून घरात ती, मुलगा आणि सून असे तिघंच. द्राक्षाची बाग घरची आहे, शिवाय विरळणीच्या दिवसांत अक्का आठ-दहा बायकांची टोळी घेऊन दुसऱ्यांच्या बागांत जायची. कोवळ्या घडातले जादा मणी बारीक कात्रीने एकेक काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे. अक्काच्या हाताखालून गेलेला घड बागवाले लांबून ओळखायचे, असं तिची सून मला अभिमानाने सांगायची.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. कराड, इस्लामपूर, सांगली, तिथून तासगावची गाडी आणि पुढे वडापची जीप. अंगात त्राण उरलं नव्हतं. अक्का गॅसपुढे उभी होती. दुधाचं पातेलं उतू जायला आलं तसं तिने ते दोन्ही हातांनी कडांना धरून खाली उतरवलं. फडकं नाही, सांडशी नाही.

मी म्हटलं, अक्का, भाजेल की.

"कामाचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "घट्टं पडल्यात. काय हुत न्हाई."

मला तिचं कौतुकच वाटलं. माझी तीन बोटं जरा जड झाली तर मी जिल्हा ओलांडून दवाखान्याला आले, आणि ही बाई उकळतं दूध हाताने उतरवते. रात्री जेवताना तिच्या उजव्या हाताच्या कडेला, करंगळीच्या बाजूने, दोन जुने भाजल्याचे डाग दिसले. त्यावरही मी काही विचारलं नाही. खेड्यातल्या बाईच्या हातावर डाग असायचेच.

दुसऱ्या दिवशी तिची टोळी एका बागेत जायची होती. अक्काने बायकांना पुढे धाडलं आणि माझ्याबरोबर सांगलीला यायला निघाली. मी नको म्हटलं. विरळणीच्या ऐन दिवसांत ती सुट्टी घेत नसे.

"एकलीच कुठं बसतीस तिथं? मी येतो की," ती म्हणाली, आणि पिशवीत भाकरी बांधून घेतली.

दवाखान्यात दीड तास बसलो. डॉक्टर चाळिशीची बाई होती, तिचं बोलणं थोडक्यात आणि सरळ. हाताला तारा चिकटवून तिने बारीक झटके दिले; प्रत्येक झटक्याला माझं बोट आपोआप उडायचं आणि बाजूच्या पडद्यावर रेघ उमटायची. झाल्यावर तिने कागदावर मनगटाचं चित्र काढून दाखवलं. मनगटात एक अरुंद वाट असते, तिच्यातून बोटांकडे नस जाते. वर्षानुवर्षं कात्री, सुई, मशीन चाललं की त्या वाटेत सूज येते आणि नस चेपली जाते. थायरॉईड बिघडलं, वय झालं, गरोदरपणात अंगाला सूज आली, तरी हेच होतं. ती म्हणाली, तुमचे दोन्ही हात गेलेत, उजवा जास्त. करंगळीला काही होतं का, असं तिने विचारलं. करंगळी ठीक होती. ती म्हणाली, मग हे मनगटाचंच, कारण करंगळीची नस वेगळी असते. रात्री पट्टा बांधून झोपायचं, काम निम्मं करायचं, नाहीतर छोटं ऑपरेशन.

काम निम्मं करायचं म्हणजे कसं, हे मी तिला विचारणार होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून अक्का बोलली. तिला नुसता गप्पांत भाग घ्यायचा होता.

"मला बी यायच्या मुंग्या. ह्या करंगळीलाच. लय दीस यायच्या. आता येत न्हाईत, बरं झालंय."

डॉक्टर औषधं लिहीत होती. तिने मान वर केली.

"बरं झालंय म्हणजे, मावशी? त्या बोटाला समजतं का सगळं?"

"समजत काय न्हाई," अक्का म्हणाली. "पर मुंग्या थांबल्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची अक्कासमोर ओढली. तिने डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक हातावर ठिकठिकाणी टेकवून, कळलं की सांगा म्हणाली. अंगठ्याला, पहिल्या बोटाला टेकवलं की अक्का लगेच व्हय म्हणायची. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला कापूस टेकवला, मग टाचणीचं टोक टेकवलं, तेव्हा ती गप्प बसून वाट बघत होती. तिला वाटत होतं, डॉक्टरने अजून लावलंच नाही. मी समोर बसून ते बघत होते.

मग डॉक्टरने तिला अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कागद घट्ट धरायला लावला आणि हलकेच ओढला. कागद सुटून आला. कोपराच्या मागच्या खाचेत बोट फिरवून ती बराच वेळ काहीतरी चाचपत राहिली, आणि शेवटी ब्लाउजची बाही वर करायला सांगितली. दंडावर, मागच्या बाजूला, तळहाताएवढा फिकट चट्टा होता. तिथेही टाचणी कळली नाही. कधीपासून आहे, असं विचारल्यावर अक्का म्हणाली, असंल तीन-चार वर्सं, औषध फवारताना अंगावर उडालं असंल.

डॉक्टरने ज्या आवाजात मला मनगटाची वाट समजावली होती, त्याच आवाजात तिला सांगितलं.

"मावशी, मला हा कुष्ठरोग वाटतोय. सरकारी दवाखान्यात तपासून खात्री करू. गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही."

अक्काने बाही खाली ओढली. पिशवी मांडीवर घेतली. मग विचारलं, बोटाचं काय. डॉक्टर म्हणाली, नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या देतील, पण लवकर आला असतात तर जास्त सांगता आलं असतं. मुंग्या येतात तोवर नस तक्रार करत असते, तोवर यायला पाहिजे.

बांधून आणलेली भाकरी आम्ही खाल्ली नाही. तासगावच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. अक्का बाहेर बघत होती. तासगाव जवळ आलं तशी ती म्हणाली, घरात सांगायचं नाही. टोळीतल्या बायका एका तांब्याने पाणी पितात. सून नुकतीच दिवस गेलेली. लहानपणी आमच्या गावाबाहेर एक माणूस झोपडीत राहायचा, आई त्याच्यासाठी लांबवर भाकरी ठेवायला सांगायची आणि ती न्यायचं काम अक्काकडे होतं. त्याचं नाव मात्र तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. मला खरं तर फार काही वाटतच नव्हतं. मी विश्रांतीला आले होते आणि विश्रांती संपली होती, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. त्याची लाज नंतर वाटली.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते लिहून टाकते. घरी आल्यावर सुनेने आम्हाला चहा दिला. पिऊन झाल्यावर मी दोन्ही पेले मोरीवर न्यायला उचलले. माझा पेला मोरीत ठेवला आणि अक्काचा कट्ट्यावर, वेगळा ठेवला. हात आपोआप गेला. डॉक्टरचं बोलणं मी दोन तासांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि समजलंही होतं. मागे वळले तर अक्का दारात उभी होती. तिने पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाईंना पेंड घालायला निघून गेली. मी घाईघाईने दोन्ही पेले एकत्र धुतले. मग न्हाणीत जाऊन कडी लावली आणि स्वतःच्या दंडांवर, पाठीवर, आरशात बघता येईल तिथे सगळीकडे चट्टा शोधला.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसाने अक्काच्या कानाच्या पाळीला आणि चट्ट्याला बारीक छेद देऊन काचेवर पाणी घेतलं. डॉक्टरच्या शंकेप्रमाणेच निघालं. महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं, प्रत्येक दिवसाची गोळी वेगळ्या खणात. पहिल्या गोळ्या समोरच घ्यायला लावल्या. लघवी लाल होईल, कातडी जरा काळवंडेल, घाबरू नका, वर्षभर एक दिवस चुकवायचा नाही, असं सांगितलं. आणि शेवटी तो म्हणाला, आमची बाई घरी येईल, घरातल्या सगळ्यांना तपासायला.

म्हणजे लपवणं संपलंच. बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. अक्का म्हणाली, सुनेला तू सांग, तुला बोलता येतं. मी हो म्हटलं नाही. माझा हात ठणकत होता, रात्रभर पट्टा बांधलेल्या मनगटाला खाज सुटली होती, आणि कुणाच्याही घरात असा शब्द मला उच्चारायचा नव्हता. मी म्हटलं, बघू, घरी गेल्यावर. तिने ओळखलं.

शेवटी तिनेच सांगितलं. सून दुपारी ज्वारी पाखडत बसली होती. अक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, गोळ्यांचं पाकीट सुपावर ठेवलं आणि आजाराचं नाव घेतलं. मी उंबऱ्यात होते. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सून पाकीट उलटून बघत म्हणाली, "चट्टा मला ठाऊक हाय, आत्या. दोनदा म्हटलं दवाखान्यात चला. तुमी आला न्हाईसा."

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच सुनेकडून कळली. दर वर्षी घरोघरी चट्टे तपासायला येणाऱ्या बाईला अक्का दारातूनच, आमच्यात कुणाला काय न्हाई, म्हणून परत पाठवायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं तिला संशय आधीपासून असावा. मुंग्या थांबल्या तेव्हा तिने तो संशय मिटवून टाकला असेल.

सुनेने सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन परातीतलं पीठ आपल्याकडे ओढलं. आजपासून भाकरी मी करणार, तुम्ही तव्याजवळ यायचं नाही, एवढं तिने सांगितलं. दिवस गेलेली पोरगी, घाबरली नसेल असं नाही. पण तपासणीची बाई आली तेव्हा सगळ्यांत आधी तिने हात पुढे केले. भाचा म्हणाला, मला काय झालंय, मी नाही दाखवत. बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्याने शर्ट काढला. दोघांना काही नव्हतं. मलाही नव्हतं.

भाच्याला आजारापेक्षा गावाची भीती जास्त होती. चार दिवस तो बेदाण्याच्या शेडमध्येच कामं काढत राहिला, आणि पाचव्या दिवशी आईला म्हणाला, दुसऱ्याच्या बागेत आता नको जाऊ. अक्काने वाद घातला नाही. तोपर्यंत मी साताऱ्याला परत आले होते; हे सगळं मला सुनेने फोनवर सांगितलं. टोळीला न्यायला छोटा टेम्पो येतो. तो सकाळी आला, बायका चढल्या, अक्काची कात्री मागून कुणीतरी घेऊन गेलं, आणि अक्का अंगणातल्या कट्ट्यावर बसून राहिली. अकरा वाजले तरी ती उठली नाही, म्हणून सूनबाईने फोन केला होता. मी आत्यांना जेवायला घाल म्हटलं.

आमच्या ह्यांना मी घरी आल्याबरोबर सगळं सांगितलं होतं. ते बूट काढत होते. एक बूट हातात धरून म्हणाले, आमच्याकडे एका जवानाला झाला होता, गोळ्या खाल्ल्या, पुढे पूर्ण नोकरी केली. मग दुसरा बूट काढला.

मी पट्टा बांधून दोन महिने काढले. शाळेचं काम अर्ध्यावरून दुसऱ्या बाईकडे दिलं. हात सुधारला नाही. उलट अंगठ्याच्या मुळाशी मांस झडायला लागलं, तेव्हा सांगलीची डॉक्टर म्हणाली आता थांबू नका. फाल्गुनात उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम, पण नंतर हात वापरायचा नाही. घर कोण बघणार, असा प्रश्न आला. हे म्हणाले, अक्कांना बोलावून घे. मी फोन लावेना, तेव्हा त्यांनी स्वतःच लावला आणि म्हणाले, "आवं अक्का, हिचा हात बांधलाय. तुमी आठ-पंधरा दिवस या."

ती आली, गोळ्यांचं पाकीट घेऊन. चेहरा काळवंडला होता, ओठ कोरडे. आम्हा दोघींत मिळून बरे म्हणावे असे हात दोनच, दोघींचे डावे. अक्काला चिरता-निवडता यायचं, पण तव्याजवळ उभं राहायचं नाही. मला तव्याजवळ उभं राहता यायचं, पण काही धरता यायचं नाही. ती पीठ मळून भाकरी थापायची आणि बाजूला सरायची, मी डाव्या हाताने ती उलटायची. भाकऱ्या वाकड्या व्हायच्या. हे न बोलता खायचे. पहिल्याच दिवशी ताटावर बसल्यावर त्यांनी अक्काला म्हटलं, मला तुमच्या हातानं वाढा, आणि वाटी पुढे केली. यापलीकडे त्यांनी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. लष्करातले जाड हातमोजे तेवढे ट्रंकेतून काढून तिच्या पिशवीत ठेवले.

एका दुपारी आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. ती लसूण सोलत होती, मी बांधलेला हात उशीवर ठेवला होता. ती म्हणाली, "त्या दिशी पेला बाजूला ठिवलास तू."

मी म्हटलं, "घाबरले होते, अक्का."

"ठाव हाय," ती म्हणाली. आणखी दोन पाकळ्या सोलल्या. "तुझ्या जागी मी असतो तर मी बी ठिवला असता. पर तू ठिवलास ते बरं न्हाई वाटलं."

मला रडू आलं नाही, क्षमा मागायचं धाडसही झालं नाही. मी डाव्या हाताने लसणाची पाकळी उचलली आणि सोलायचा प्रयत्न केला. ती माझ्याकडून काढून घेत म्हणाली, राहू दे, तुला जमत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. अक्काच्या गोळ्या संपल्या, दवाखान्याने कार्डावर तसं लिहून दिलं. दंडावरच्या चट्ट्याला रंग आला आहे. करंगळी मात्र वाकली ती वाकलीच, आणि तिच्यात व तिच्या शेजारच्या बोटात जाणीव परतली नाही. सुनेला मुलगी झाली. अक्काने तिला पहिल्या दिवसापासून मांडीवर घेतलं, पण गरम पाण्याने न्हाऊ घालायचं काम ती करत नाही. यंदाच्या विरळणीला टोळीतल्या बायकाच तिला बोलवायला आल्या. एक जण आली नाही, ती आता दुसऱ्या टोळीत जाते. भाच्याने काही म्हटलं नाही, टेम्पोत आईची पाण्याची बाटली मात्र स्वतः नेऊन ठेवली. अक्का तीन बोटांवर कात्री चालवते, पूर्वीच्या निम्म्या वेगाने. हात डोक्यावर धरून दुपारपर्यंत दमते आणि मग उरलेला दिवस दुसऱ्यांचे घड बघत फिरते.

माझी बोटं परत आली, बरीचशी. सुई टोचली की कळतं. थंडीच्या सकाळी अजून जड असतात, आणि डाव्या हाताचं ऑपरेशन मी पुढे ढकलत चालले आहे, कारण परत तेवढं सगळं करायची उमेद नाही. गणवेश बंद केले. दिवसाला एखादा ब्लाउज होतो. हे लिहितानाही मधूनमधून पेन ठेवावं लागतंय.

गेल्या महिन्यात चार दिवस अक्काकडे जाऊन आले. दवाखान्याने तिला सवय लावून दिली आहे. रोज संध्याकाळी ती घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवून बसते, मग तेल चोळते आणि कुठे काही लागलंय का ते बघते, कारण लागलेलं तिला कळत नाही. तिला चष्म्यानेही नीट दिसत नाही, म्हणून मी होते तोवर मीच बघायची. तिसऱ्या दिवशी तळहाताच्या कडेला, करंगळीखाली, पाणी भरलेला फोड दिसला. तव्याजवळ ती गेली नव्हती. आम्ही दोघी सकाळपासूनचा दिवस आठवत बसलो. चहाचा पेला, उन्हात तापलेली बागेची तार, टेम्पोची दांडी, पाण्याच्या मोटारीचा डबा, बाळाच्या दुधाचं भांडं. कशाने झालं ते सापडलं नाही.

"असू दे," ती म्हणाली.

मी मलम लावलं, वर स्वच्छ पट्टी गुंडाळली. सुनेने आतून जेवायला हाक मारली. अक्का घमेल्यातलं पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतून आली आणि आम्ही आत गेलो.